हत्तीच्या आडातला हत्ती

॥ श्री ॥
बारामती, ६ जानेवारी २०२५

ती. कुशाआत्यास,
सुयोगचा सा. न. वि. वि.

भाजीचा टेम्पो घेऊन गावाकडे परत निघालेल्या गोकुळकडे तुझ्या कुकरची रिंग दिली आहे. फोनवर तुला माझा आवाज ऐकू येत नाही आणि मला तुझ्या आवाजानं दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

या महिन्यात इंदापूरला गावांच्या इतिहासावर सभा आहे. तिथे मी आपल्या कऱ्हाटीतल्या 'हत्तीच्या आडा'वर बोलणार आहे. माझा अंदाज असा, की एखाद्या सरदाराची फौज इथे उतरली आणि त्याचा हत्ती त्या आडावर पाणी प्यायला. कुंडलिकतात्यांचं घर आडाला लागून आहे. त्यांना जरा विचारशील का?

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा सुयोग


कऱ्हाटी, ९ जानेवारी

चि. सुयोगास आत्याचे अनेक आशीर्वाद.

रिंग पाच लिटरची हाय, कुकर तीनचा. रिंग कुत्र्याच्या गळ्यात घातली, शोभतीया.

तुझा हत्ती वाचून मला ठसका लागला. आरं, त्या आडात घागर सोडली तरी कडंला घासती. हत्ती पाणी प्याला कशानं, वाटीनं?

चाळण परत द्यायच्या निमित्तानं तात्याकडं गेले. हत्तीचं नाव काढताच म्हातारं उठलं आन् गोठ्यात म्हशीमागं जाऊन उभं राहिलं. मी बी तितंच बसले. शेवटी बोललं. त्यांचा आजा दत्तोबा अंगानं लई दांडगा. आडातला गाळ काढाय उतरला आन् मधीच कमरंला अडकला. खाली जाईना, वर येईना. बायकांनी वरनं तेल वतलं, मग बैल जुंपून दोरानं वढला. पोरं वरडली, हत्ती निघाला, हत्ती निघाला! तवापास्नं आडाला ते नाव. तात्याला शाळंत इतकं चिडवलं, की त्यांनी शाळाच सोडली.

कुणाला बोलायचं न्हाय, अशी म्हशीच्या पाठीवर हात ठिवून शपथ घ्याय लावली. मी घेतली. पर ती बोलायची. लिव्हायची न्हाय.

माया करत जा, आन् रिंग मापाची बघत जा.
तुझी आत्या


बारामती, १३ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून मी सरदार, फौज, सगळं फाडून टाकलं. दत्तोबांसारखा इतिहास मला जन्मात मिळणार नाही. पण तात्यांनी आयुष्यभर झाकलेली गोष्ट त्यांना न विचारता मी चारचौघांत सांगणार नाही. ते नको म्हणाले, तर सभेला जाणारच नाही. तू विचार. सोबत तिळगूळ आहे, आधी तो त्यांच्या तोंडात घाल.

सुयोग


कऱ्हाटी, १८ जानेवारी

चि. सुयोगास आशीर्वाद.

तात्यांनी तिळगूळ खाल्ला, मग शपथ मोडली म्हणून भांडलं. त्यांच्या म्हशीचं दूध मला बंद केलं. मी कोरा चहा पिले, पर माघार न्हाय घेतली. तू विचारल्याबिगर बोलणार न्हायस, हे कळल्यावर आज सोताहून आलं. म्हणलं, सांगू दे, पर एक अट. आजा जाड नव्हता, आड अरुंद होता, असं सांगायचं. आन् पोरगं बरूबर सांगतंय का न्हाय, ते बघाय सोता येणार हायत.

आत्या


बारामती, २७ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

मी जेमतेम दोन वाक्यं बोललो असेन. तात्या पहिल्या रांगेतून मंचावर आले आणि म्हणाले, पोरा, तू बस. आजा कसा अडकला ते दाखवायला ते प्लास्टिकच्या खुर्चीत दाबून बसले. उठले, तर खुर्चीही उठली. दोघांनी माणूस धरला, दोघांनी खुर्ची. आता म्हाताऱ्याचं हसं झालं, असं वाटलं. तर खुर्चीसकट माइकपाशी जाऊन ते म्हणाले, बघा, माणूस जाड न्हाय, खुर्ची अरुंद हाय. सगळी सभा हसून लोळली, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते तात्या.

सुयोग


कऱ्हाटी, ३१ जानेवारी

चि. सुयोगास भरभरून आशीर्वाद.

दूध चालू झालं. पर हितं नवंच भांडान लागलंय. खालच्या आळीचं मोहनराव सांगत सुटलंय, दत्तोबा त्यांच्या आईचा सख्खा चुलता, तवा हत्ती त्यांचा बी. तात्या दोन दिस आडाच्या काठावर काठी घिऊन बसलं. कुणाला जवळ येऊ दिईनात.

आज मोहनरावच आलं, हात जोडून. तात्यांनी त्यांच्याकडं खालून वर बघितलं, आन् काठी बाजूला ठिवली. म्हणलं, घ्या. आजा येवढा मोठा हुता, दोन घरांना आरामात पुरंल.

जीव लावतोस तसा लाव.
आत्या