सोपा कागद

रविवार, संध्याकाळ

हातांचे अंगठे बरे आहेत. मधल्या बोटाची सूज उतरली. करंगळीबाई, तू कशी आहेस? तुझा काय दोष म्हणा! अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घरादाराला मीच सांगत आले.

दादाच्या पंचाहत्तरीला त्यानं गायचं आणि मी पियानो वाजवायचा, असं ठरलं होतं. त्याच्या गाण्याची पियानोसाठी मुद्दाम सोपी मांडणी निवडली होती. डाव्या हाताला एकेकच सूर, दादाला दम घ्यायला जागा. महिनाभर तो उस्मानपुऱ्याहून रिक्षानं माझ्याकडं गारखेड्याला तालमीला यायचा.

आज माझ्याकडंच औक्षण झालं आणि त्याच्या सुनेनं पियानोवरचा सुरांचा कागद पाहिला. "अगंबाई आत्या, हे तर बालवाडीचं!" सगळे हसले. झालं. सोपा कागद मी पियानोपुढच्या बाकावर ठेवला, त्यावरच बसले आणि अवघड मांडणी पुढं घेतली. एकटीनं कशीबशी दोनदा वाजवलेली. कोणाला दाखवायचं होतं मला?

तिसऱ्या ओळीला हात अडकला. दादाचा सूर तसाच लटकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते जास्त लागलं.

निघताना तो म्हणाला, "माझाच दम कमी पडला गं. लई म्हातारा झालो. आता गाणं नाय."

आणि मी गप्प बसले. सगळ्यांसमोर गप्प!

सोपा कागद चुरगळलाय. दम घ्यायच्या जागी दादानं पेन्सिलीनं टिंबं केलीत. त्या कागदाच्याच मागच्या बाजूला लिहून उद्या त्याला धाडते: दम तुझा नाही, अक्कल माझी कमी पडली. गाणार ना? लवकर कळव रे.