बोनेटवरचं स्वस्तिक

मंगळवार, संध्याकाळ. महापे.

जेवण जाईना. गॅरेजवरनं आलो तरी हात गप बसत नाहीत.

तळवलीच्या शेटची काळी गाडी पॉलिशला होती. "बारीकसारीक सगळे डाग काढ," म्हणाला. ट्यूबलाइट तिरकी धरून बघितलं. पाण्याचे डाग, कबुतराची घाण, आणि मधोमध पूजेच्या कुंकवाचं फिकट स्वस्तिक, रंगात मुरलेलं. नख फिरवलं. नख अडकलं तर डाग खोल, मग आम्ही सोडून देतो. अडकलं नाही. घासून काढलं. बोनेटच्या चकाकीत छताचा पंखा दिसायला लागला. मी खूश.

शेट गाडी न्यायला आला, सोबत त्याची आई. ती बोनेटवर हात फिरवत राहिली.

"पोरा, हितलं स्वस्तिक कुठं गेलं रं?"

"काढलं मावशी. डाग होता."

"डाग नव्हता. गाडी घेतली तवा याच्या बाबांनी बोटानं काढलेलं. आता ते ऱ्हायले नाय."

शेट म्हणाला, "चल आई, दुसरं काढू."

"तू काढशील. त्यांचं बोट कुठनं आणशील?"

शेटनं ठरलेले पैसे हातात ठेवले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. विचारायला हवं होतं का? पण सगळे डाग, असंच म्हणाला होता ना तो?

मघापासून ताटाच्या कडेवर नख फिरवतोय. त्या कुंकवावर जरासं अडकलं असतं, तर मी सोडून दिलं असतं.