शून्यावरची जागा

बाई, परवा मी एका महागड्या यंत्राला पाटी समजून थुंकी लावली आणि घरात केवढा आरडाओरडा झाला. यंत्र नातीचं. ती परदेशात शिकते, सुट्टीला बेळगावात आली आहे. गणिताचंच यंत्र, पण दुकानदाराच्या गल्ल्यावर असतं तसलं नव्हे. बराचसा भाग नुसती काच. त्या काचेवर एका बारीक काडीनं लिहायचं, बोटानं ओढायचं, दोन बोटांनी ताणलं की चित्र मोठं होतं. समीकरण लिहिलं की सोडवतं, अवयव पाड म्हटलं की पाडतं, आणि आलेख काढ म्हटलं तर आपण चष्मा सारखा करेपर्यंत रेघ काढून मोकळं. मला मात्र काच, काडी आणि भोवतीची काळी कड एवढंच दिसलं. लिहिताना चुकलं, तसं सवयीनं बोट जिभेला लावलं आणि पुसायला गेलो.

"आज्जा! ई! थुंकी?"

"मग पाटी कशानं पुसायची गं?"

"ही पाटी नाहीये!"

"काडी हाय, चौकट हाय. पाटी न्हाय तर काय हाय?"

पोरगी पोट धरून हसली. मग चष्म्याच्या फडक्यानं काच पुसून माझ्या शेजारी बसली. मी तिला विचारलं, ह्यात क्ष कुठाय? म्हणाली, "एक्स दाबा, तोच तुमचा क्ष." दाबला. पण खरं सांगतो, एक्स म्हटलं की कुणी पाहुणा आल्यासारखं वाटतं. क्ष म्हटलं की तुमचा खडू ऐकू येतो. वळणावर हलका, आणि शेवटच्या उभ्या रेघेला करकरणारा.

तिनं एक भलीमोठी पदावली लिहिली आणि एक कळ दाबली. अवयव पडून समोर आले. मधली एकही ओळ नाही. मला तुमचीच आठवण झाली. नववीचा वर्ग आहे, दुपारचा तास आहे, तुम्ही वह्या तपासताय आणि मी मागच्या बाकावर सकाळी शिकवलेली कविता तोंडातल्या तोंडात म्हणतोय. तुम्ही मान वर न करता विचारता, "कोण पुटपुटतंय?" मी उभा राहतो. "कविता, बाई." "मग मोठ्यानं म्हण की." मी म्हणतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चालीवर. वर्ग माझ्या पाठीत धपाटा कधी पडतो याची वाट बघतोय. तुम्ही म्हणता, "छान. आता मधली एक ओळ गाळून म्हण बघू." मी प्रयत्न करतो आणि अडखळतो. "येत न्हाय बाई. चाल मोडतीया." तेव्हा तुम्ही माझी वही वर धरता. "कवितेतली एक ओळ गाळली तर चाल मोडते, आणि गणितातल्या सगळ्या गाळल्यास तेव्हा काही मोडलं नाही होय रे?" सगळा वर्ग हसला. वही परत घेताना मी पाहिलं, माझं उत्तरही चुकलेलं होतं. ते तुम्ही वर्गाला सांगितलं नव्हतं. एवढं एक बरं केलंत, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते बरंच मोठं होतं.

खानापूर तालुक्यातल्या त्या आडगावच्या शाळेत गणिताला बाई येणार म्हटल्यावर गावानं नाक मुरडलं होतं. तुम्ही निपाणीच्या. खोली घेऊन एकट्या राहायचात, सुट्टीला एसटीनं गावी जायचात, आणि परत आलात की पिशवीला तंबाखूचा उग्र वास असायचा, कारण तिकडे वाऱ्यालाच तो असतो. आम्ही पोरं म्हणायचो, बाई तपकीर ओढतात. ओढत नव्हतात हे मला पुढे कळलं, निपाणीच्या स्टँडवर पहिल्यांदा नाकात वारा गेला तेव्हा.

आता त्या दिवसाचं लिहितो. त्यासाठीच बसलोय.

मैदानावर खेळांसाठी मारलेली फक्कीची पांढरी रेघ अजून पुसली नव्हती. तुम्ही म्हणालात, "आज फळा नाही. आज तुम्हीच ठिपके." सगळे त्या रेघेवर ओळीनं उभे राहिले. उजवीकडच्यांना एक, दोन, तीन, चार. डावीकडच्यांना उणे एक, उणे दोन, असे उणे चारपर्यंत आकडे. मी नळावर पाणी पिताना पुन्हा त्या कवितेत अडकलो होतो, तो धावत आलो. तुम्ही बोट केलंत, "तू इथं. शून्यावर." झालं! पोरं जी हसली म्हणता! हुकूम असा होता की ज्यानं त्यानं आपल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं आणि येईल तेवढी पावलं समोर चालायचं. एकवाला पाऊलभर सरकला. दोनवाला चार गेला. टोकाचे दोघे तर कुंपणापाशी पोचले आणि तिथून मला वाकुल्या दाखवायला लागले. मी रेघेवरच.

"बाई, मी?"

"शून्याला शून्यानं गुणलं की किती?"

"शून्य."

"मग हलायचं नाही. तू हललास की सगळं बिघडलं."

आणि मग तुम्ही जे केलंत ते बघायला शेजारच्या शेतातली माणसंसुद्धा थांबली. नव्या खोलीच्या स्लॅबला बांबूची शिडी लावली होती. तुम्ही पदर खोचलात आणि चढू लागलात. शिपाईमामा खाली शिडी धरून, तोंड पार उलटीकडे फिरवून, ओरडून सांगतायत, "चढा बाई, चढा! मी वर बघत न्हाय! मी म्हसरांकडं बघालोय!" वर पोचलात आणि आमच्याकडे वळलात. हात कमरेवर. मग एकटीनंच टाळ्या वाजवल्यात.

"बाई, काय दिसतंय?" खालून पोरं ओरडली.

"तुम्हाला नाही दिसायचं. तुम्ही त्यातच आहात."

खरंच दिसत नव्हतं. इकडे चार पोरं, तिकडे चार, विस्कटलेली, आणि मध्ये मागे राहिलेला मी. हेडमास्तरांनी खिडकीतून डोकं काढलं, "बाई, हायस्कूल हाय का सर्कस?" तुम्ही वरूनच म्हणालात, "सर, सर्कशीतल्या झोक्यालाही हेच वळण लागतं." दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हा ठिपक्यांतून जाणारी ती रेघ फळ्यावर काढलीत म्हणे. मी मान वर केली नाही. मी रुसलो होतो. कारण तोवर माझं नाव 'शून्या' पडलं होतं.

ते पडलं ते पडलंच. लोंढ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागलो, तिथं आमच्या वर्गातला एकजण पार्सल सोडवायला आला आणि खिडकीतून ओरडला, "अरं शून्या, तू हितं व्हय!" नोकरी संपेपर्यंत हमालही मागून तेच म्हणायचे. माझ्या लग्नाच्या पंगतीत तेच. नाव लोकांनी दिलं त्याचं काही नाही, बाई. कोकणातला माल, मालगाड्यांचा खडखड, त्यात मनातल्या मनात कविता, असा जन्म बरा गेला. पण रुतून बसलं होतं ते तुमचं बोट. नऊ जागांत नेमकी ती जागा तुम्ही मला का दिलीत? बाईंनी माझी किंमतच सांगितली, असं मी धरून चाललो. बढतीच्या परीक्षेचा फॉर्म हातात आला की ते बोट दिसायचं, आणि फॉर्म तसाच राहायचा. कोल्हापूरला जाताना निपाणी लागायची. तुम्ही रिटायर होऊन तिथंच आहात हे माहीत होतं. उतरून विचारू, असं दर वेळी ठरवायचो. मग कधी सोबत सामान असायचं, कधी परतायला उशीर होईल असं वाटायचं. तुम्ही गेल्याचं मला फार मागाहून कळलं, तेही कुणाच्या तरी बारशात.

तर परवा नातीला मी ही गोष्ट सांगितली. शून्याचं सोडून. ती म्हणाली, "थांबा, आज्जा, तुमचं मैदान काढू." तिनं काचेवर आडवी रेघ ओढली, तुमची फक्कीची. मग एकेक ठिपका ठेवत गेली. मी म्हणत होतो, हा पोस्टमनचा पोरगा, ही आमच्या वर्गातली एकटी मुलगी, हा कुंपणापाशी वाकुल्या दाखवणारा. नऊ ठिपके झाले. एक कळ दाबली आणि त्या सगळ्यांतून एक रेघ वाहत गेली.

बाई, मी स्लॅबवर उभा होतो. तुमच्या शेजारी.

केवढी सुंदर होती हो ती! वरच्या कुंपणापासून खाली उतरत येते, रेघेपाशी आली की हळू होते, टेकते, आणि तशीच दुसऱ्या बाजूनं वर निघते. जशी दोन ओळींची कविता, एक उतरती, एक चढती, यमक मध्येच जुळलेलं. आणि जिथं ती टेकते, तिथं मी. नात म्हणाली, "कुठलाही ठिपका ओढून बघा." मी काडी माझ्यावर ठेवली आणि जरा वर ओढलं. रेघ मोडली. पातेलं पडून बुडाला पोचा यावा तशी दिसायला लागली.

"आज्जा, नेमका तोच कशाला हलवलात? सगळं वाकडं झालं की."

चष्मा काढून पुसत बसलो. ती म्हणाली, "थुंकी लावू नका हं."

सकाळी मी कंग्राळीला फोन लावला. आमचा एक वर्गबंधू तिथं शेती करतो, सगळं त्याच्या ध्यानात असतं. त्याला विचारलं, बाईंनी मला शून्यावर का उभं केलं हुतं रं?

"का म्हंजे? तू उशिरा आलतास."

"एवढंच?"

"मग! मधली जागा कुणालाच नको हुती. पळायला मिळत न्हाय तिथं. आम्ही समदे टोकाला पळालो. उरली ती तुला. बाई काय करतील?" मग म्हणाला, "एवढ्या वर्सांनी हे का इचारालास रं? बरा हाईस न्हवं?"

"लई बरा हाय," मी म्हटलं. आणि फोन ठेवताना माझ्या तोंडून आपसूक गेलं, "चल, शून्या ठेवतो आता." मी स्वतःला त्या नावानं कधी म्हटलं नव्हतं.

नात आठवड्यानं जाईल. यंत्र ठेवून जाऊ का म्हणते. नको म्हटलं. मला त्यात एकच आलेख बघायचा होता, तो बघून झाला. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? निपाणीला तुमच्या घरी आता कोण असेल, माहीत नाही. घडी घालून माझ्या जुन्या कवितेच्या पुस्तकात ठेवतो.

पण एक राहिलं, बाई. सामान जड होतं, उशीर होईल, हे सगळं खोटं. निपाणीला मी उतरलो नाही ते भीतीनं. तुम्ही "तुझी तेवढीच लायकी होती" म्हणाला असतात तर, ही एक भीती. आणि "अरे, तेवढीच जागा उरली होती" म्हणाला असतात तर, ही दुसरी. ती पहिलीपेक्षा मोठी होती; मग कोरे राहिलेले सगळे फॉर्म माझ्याच माथी आले असते. आज मात्र उतरलो असतो. जागा उरली होती तर उरली होती. कुणीतरी तिथं उभं राहायला हवंच होतं, आणि तुम्ही शिडी चढून, वळून, टाळ्या वाजवेपर्यंत मी हललो नव्हतो.