रीसेट एकदाच

बाबा, गेल्या मंगळवारी ढगात असताना माझ्या विमानाचा जनरेटर गेला. बारकं विमान, जनरेटर एकच, मागे चार प्रवासी. इंजिन नीट चाललेलं, म्हणून मागच्यांना पत्ताच नव्हता. मला मात्र समोर लाल दिवा दिसत होता. आता सगळी भिस्त बॅटरीवर, आणि ती टिकणार फार तर अर्धा तास. जनरेटर रीसेट केला. दिवा विझला आणि दहा सेकंदांत परत लागला. को-पायलट म्हणाली, "मॅडम, अजून एकदा करून बघूया ना?" खोटं कशाला बोलू, माझाही हात निघालेलाच. एकदाच करायचं हे पुस्तकात लिहिलंय, पण मला पुस्तक नाही आठवलं, कोपर स्टेशनजवळचा आपला मोटर दुरुस्तीचा गाळा आठवला.

मी तेव्हा दहावीत. टिटवाळ्याच्या एका सोसायटीच्या पंपाची मोटर तुम्ही दोन दिवस बसून, तारेचे वेढे नव्याने भरून रिवाइंड केलीय. जोडून तासभर चालवून बघ म्हणालात आणि जेवायला निघालात. दारातून परत वळलात, "अगं, ट्रिप होऊन बंद पडली तर स्टार्टरचं बटण एकदाच दाबायचं हं. परत पडली तर हात नाही लावायचा, तिला काहीतरी होतंय." पडली. दाबलं. परत पडली. मी आपली दाबतेय, दाबतेय. मग वेढ्यांवरच्या जळक्या वॉर्निशचा तो वास, मोटर जळाली! तुम्ही आलात तेव्हा म्हटलं, एकदाच दाबलं. संध्याकाळी सोसायटीच्या माणसाला म्हणालात, "माझंच वाइंडिंग चुकलं." तेव्हापासून प्रत्येक मोटरचे वेढे तुम्ही दोनदा मोजायचात, अगदी शेवटपर्यंत.

मी हात मागे घेतला. "नको. बंद कर, आणि लागत नाही ते सगळं बंद कर." कंट्रोलला कळवलं, जवळचा विमानतळ मागितला. बावीस मिनिटं, बाबा. व्होल्टेजचा आकडा उतरत होता. धावपट्टी दिसली तेव्हा एकच रेडिओ चालू होता. खाली इंजिनिअर म्हणाला, "परत लावलं नाहीत ते बरं केलंत. आत शॉर्ट होता, आग लागली असती." हे कुठे शिकलात, असं को-पायलटने विचारलं. मी ऐटीत म्हटलं, माझ्या बाबांकडे.

घरी येऊन हे लिहायला बसले. पाठवू कुठे? गाळ्यात आता केकचं दुकान आहे. त्या दिवशी तुम्ही यायच्या आत मी स्टार्टरमधली एक वायर गुपचूप आवळली होती. जोडताना माझ्याच हातून सैल राहिलेली, मोटर तिच्यामुळेच पडत होती. वेढे बरोबर होते, बाबा.