छातीचा हललेला फोटो

११ फेब्रुवारी २००५, औरंगाबाद
हृदयाचा स्कॅन झाला. टेबलावर उताणं पडायचं, हात डोक्यामागं, मशीन छातीभोवती हळूहळू फिरतं. टेक्निशियन म्हणाला, हलू नका. मला! सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात फोटो स्टुडिओ काढल्यापासून लोकांना हेच सांगत आलोय. फक्त दोनदा मान उचलून पडद्याकडे बघितलं. फ्रेम कशी लावली ते बघायला नको? दोन्ही वेळा ओरडला. पोरकट माणूस.

१२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, तुम्ही हललात म्हणून चित्रं एकमेकांवर बसेनात, कॉम्प्युटरवर सरकवून जुळवली. जुळवूनही हृदयाच्या खालच्या भिंतीवर डाग राहतोय, तिथं रक्त कमी पोचतंय, अँजिओग्राफी लगेच करा. मी समजावलं, हललेला फोटो कितीही टचिंग करा, हललेलाच. पुन्हा काढा म्हटलं तर नको म्हणाले, वेळ जाईल. स्वतःची चूक कोण कबूल करतं!

१५ फेब्रुवारी, गोरेगाव
स्टुडिओ उघडला. गिऱ्हाइकांना सांगितलं, फोटो हलला, बाकी काही नाही. बायको, पंचफुला, म्हणाली की कम्पुटरनं बराबर करून देला नं, मग काहून अडून बसले तुमी? तिला फोटोग्राफीतलं काय कळतं. संकल्प: स्थिर पडायचा रोज सराव. मग दुसरीकडे नवा स्कॅन. डाग गायब. बिडी उद्यापासून बंद.

२० फेब्रुवारी
बाजेवर सराव. प्रगती उत्तम. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या थांबवल्या, त्यांनी अंग डुलतं. बिडी एकच, सरावानंतर.

३ मार्च
पहाटे छाती गच्च. घाम. डावा हात भरून आला. गॅस. शेवभाजी तिखट होती. दुपारपर्यंत पडून राहिलो, तोही सरावच.

१९ मार्च
सेनगावच्या लग्नाचा अख्खा रोल हललेला निघाला. कॅमेरा जुना झालाय. नवऱ्या मुलाचा बाप गोपीचंद आला, म्हणाला की लेकराचं लगन तं एकदाच व्हते, आता काय करावं? मी म्हटलं, दोघांना पुन्हा उभं करा. फोटो टेबलावर टाकून गेला.

८ एप्रिल
पंचफुला रडली. म्हणाली, तुमी असे डोळे मिटून पडता तं मला भेव वाटून राह्यलं, शेजारीण दारातून पाहून तोंडावर पदर घेऊन गेली. म्हणजे सराव झकास चाललाय. पण तिचं रडणं ऐकून मलाही भीती वाटली. खरंच वाटली. संध्याकाळी बिडी दोन.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. दरवर्षी शेवटपर्यंत फोटो काढतो. यंदा चौकातूनच परतलो. दम लागला. ऊन फार.

९ मे, हैदराबाद
नवा डॉक्टर, नवा स्कॅन. नाकावर माशी बसली तरी हललो नाही. टेक्निशियनबाई हिंदीत म्हणाली, असा पेशंट कधी पाहिला नाही. बाहेर येऊन पंचफुलाला सांगितलं, झालं आपलं काम. बऱ्याच दिवसांनी हसली. मीही हसलो. बिडी कायमची बंद.

१० मे
डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. फोटो अगदी शार्प. कॉम्प्युटरला काही जुळवावं लागलं नाही. डाग तिथंच आहे, मोठा झालाय. औरंगाबादची चित्रं शेजारी लावून म्हणाले, तेव्हा रक्त कमी होतं पण स्नायू जिवंत होता. तेव्हाच इलाज केला असता तर वाचला असता. मधे अटॅक येऊन गेलाय, कळलं नाही का, असं विचारलं. मी गॅसचं सांगायला लागलो आणि मधेच थांबलो.

पंचफुलानं विचारलं, आता? उरलंय तेवढं वाचवू, डॉक्टर म्हणाले. मग पडद्यावर ठोक्यांचं हलतं चित्र चालू केलं. बाकी हृदय आत-बाहेर होत होतं. खालची भिंत गप्प. पंचफुलानं माझा हात धरला. मी पडद्याकडेच बघत होतो. मनात म्हटलं, हल. पुन्हा म्हटलं. नाही हलली.