साहेबाच्या हिरवळीचं पाणी

बा, तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, आणि आज तो तुला ऐकावाच लागेल. समोरच्या बंगल्यातला नवा माळी भर दुपारी पाईप धरून हिरवळीवर पाणी उडवतोय. ते बघून माझं डोकं फिरलं. तू असतास तर पाईप हिसकून घेतला असतास. "अरे, ऊनच पिऊन राह्यलं सारं पानी, गवताले काय भेटते?"

वाशीमच्या त्या साहेबाच्या बंगल्यावर तू माळी होतास. बहात्तरच्या दुष्काळात टँकर तिथे रोज बागेसाठी चार ड्रम भरून द्यायचा, आणि आपल्या वस्तीच्या विहिरीला तळ दिसत होता. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून पाण्याची रांग माझ्या वाट्याला. घागर भरून परत येईस्तोवर शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. सातवीतच माझी शाळा सुटली.

आणि पाणी वाचवण्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता! पाणी द्यायचं ते उजाडायच्या आत. रोज शिंपडायचं नाही, चौथ्या दिवशी द्यायचं, पण मुळापर्यंत. जमिनीत लोखंडी सळई खुपसून ओल किती खोल गेली ते तू पाहायचास. गुलाबांच्या बुडाशी मडकी पुरली होतीस, त्यातून पाणी हळूहळू झिरपायचं. चारातला एक ड्रम रोज उरायला लागला. माय म्हणाली, "तो एक डरम मांगून घ्या ना बाईसाहेबाले. पोरीची शाळा बुडून राह्यली." तू मागितला नाहीस. नुसता मोठ्या कौतुकानं सांगून आलास की एक ड्रम वाचतो. बाईसाहेब म्हणाल्या, वा, मग मागच्या बाजूलाही हिरवळ लावून टाका. आणि हे तू घरी येऊन हसत सांगितलंस! इतका कसा रे भोळा तू? की भोळा नव्हतासच, लाचार होतास?

त्याच आठवड्यात मी घागर घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आले. तू झारी घेऊन उभा आहेस. व्हरांड्यातून बाईसाहेब विचारतात, "कोण आहे रे ती?" तू माझ्याकडे नीट बघतोस आणि म्हणतोस, "कोनाची पोट्टी हाय, काय माईत. पान्याले आली असंन." मग मला, "जाय वं, इथं पानी नाई भेटत."

संध्याकाळी मी विचारलं, "मले वळखलं काहून नाई?" तू म्हणालास, "नौकरी गेली असती, बाई." नोकरी! आपली चूल त्या नोकरीवर पेटत होती, हे कळतं मला. कळलं म्हणून राग जातो थोडाच? पोटच्या पोरीला परकी म्हणून तू दुसऱ्याचं गवत जगवलंस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. पण एक गोष्ट मी मायलाही कधी सांगितली नाही. त्या दिवशी मला कोणी पाठवलं नव्हतं. घरात पाणी होतं. वस्तीत सगळे म्हणायचे की अख्ख्या वाशीमात एवढी एकच जागा हिरवी उरलीय, आणि ती तुझ्या हातची आहे. मला ती तुझ्याबरोबर उभं राहून एकदा बघायची होती.