एकट्या बियाण्यावरचा खटला

सर, तुम्ही दिलेलं ते पुस्तक मला फुकट पडलं नाही. दोन हिवाळे, एक जाडजूड शब्दकोश आणि बायकोचे टोमणे, एवढा खर्च आला. "दुकान चालवता का परीक्षेले बसता?" असं ती विचारायची. चांदूर बाजारच्या माझ्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं, की मी ते काउंटरखालून काढायचो. शंभर वर्षांपूर्वीचा तो फ्रेंच माणूस उष्णतेचं गणित मांडता मांडता तत्त्वज्ञानात शिरलेला, आणि मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडून दिलेला. आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

ती तुम्ही घालून दिली, अमरावतीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत. माझा आलेख सरळ यायला पाहिजे होता, आला वाकडा. मी खोडरबर काढलं तर तुम्ही मागे उभे. "काहून रे, कोणाले खोडून राहिला? नियम खोटा हाये, का तार खोटी, का मीटर, का तू?" सगळे हसले. मग तुम्ही फळ्याकडे न जाता तिथंच स्टुलावर बसलात आणि सांगितलंत, की प्रयोगात एक कल्पना कधी एकटी तपासली जात नाही. तिच्यासोबत तार, मीटर, बॅटरी, आधीचे सगळे नियम अशी वरातच असते. निकाल उलटा आला, तर वरातीतलं कोणीतरी चुकलं एवढंच कळतं. कोण, ते प्रयोग सांगत नाही. हे त्या फ्रेंच भौतिकवाल्यानं दाखवलं आणि एकाच प्रयोगात दूध का दूध करू म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढं अमेरिकेतल्या एका तर्कशास्त्र्यानं तेच सगळ्या ज्ञानाला लावलं. विज्ञान बदलतं कसं, यावर नंतर मोठमोठी माणसं भांडली. तुम्ही म्हणायचे, "सारे त्याच्याच अंगणातून गेले, कोणी पाया पडून, कोणी शिव्या देऊन."

मग आपल्या वऱ्हाडात नापिकीची आणि आत्महत्यांची ती वर्षं आली. पीक गेलं की कंपनी म्हणे पाऊस, शेतकी हापिस म्हणे शेतकऱ्याची पद्धत, शेतकरी म्हणे बियाणं. माणसं जात होती, तेव्हासुद्धा कागदावर कारण ठरता ठरत नव्हतं. सगळीकडे वरातच वरात, आणि चुकलेला कोणी नाही.

त्यातल्याच एका जूनमध्ये माझ्याकडून नेलेलं सोयाबीन चाचांच्या शेतात उगवलं नाही. चाचा म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक. दुकान नवं असताना त्यांच्या गावातली दहा माणसं त्यांनीच हाताला धरून आणली होती. त्यांनी तक्रार केली आणि तालुक्याची समिती पाहणीला आली. बियाणं सदोष ठरलं असतं, तर माझ्या परवान्यावर गदा होती. नसतं ठरलं, तर चाचांना भरपाई नाही आणि दुबार पेरणी त्यांच्या गळ्यात.

मी बांधावर उभा आहे. समोर ओळीच्या ओळी रिकाम्या, मधूनच एखादं रोप. आणि मी तुमचाच तास घेतो आहे. साहेब, पेरणी किती खोल झाली ते मोजा. पाऊस पडल्यावर किती दिवस उघाड होती ते विचारा. सोयाबीनची पिशवी बैलगाडीतून खाली आपटली, तर दाण्याचं टरफल तडकते, ते कोणी पाहिलं? एकट्या बियाण्यावर खटला कसा चालवता?

चाचांनी टोपी काढून घाम पुसला. "वा रे शेठ! बियाणं तुहं, पाऊस अल्लाचा, अन् गुन्हा माह्या जमिनीचा?"

साहेबांना हसू आलं, पण पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, निश्चित कारण सांगता येत नाही. बावीस वर्षांत माझ्या दुकानावर एकही तक्रार शाबीत झालेली नाही, हे मी अजून चारचौघांत छाती काढून सांगतो.

त्याच आठवड्यात मी अकोल्याला तुमच्या घरी आलो, तुम्हाला हे ऐकवायला. तुम्ही स्वयंपाकघरात ताट मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडत होता. सगळं ऐकलं आणि म्हणालात, "म्हंजे माह्या फ्रेंच बुवाले तू वकील केलं."

"तसंच समजा, सर."

"शेवटपर्यंत वाचलं का त्याले? दोषी कोण, ते तर्क सांगत नाही, हे खरं. पण तो तिथं थांबत नाही. तो म्हणते, मंग जाणत्या माणसानं आपल्या समजुतीनं ठरवावं, अन् ठरवताना आपला फायदा बाजूले ठेवावा. पहिलं सारे उचलते, हे कोणी उचलत नाही." तुम्ही एक खडा बाजूला टाकला. "आता सांग. तुही समजूत काय म्हणते? बियाणं खराब होतं का?"

"सांगता येत नाही, सर."

तुम्ही पुन्हा डाळीत बोटं घातलीत. "चहा घे, थंडा होऊन राहिला." माझे कान तिखट आहेत, दारातल्या गिऱ्हाइकाच्या 'राम राम'वरून ते घेणार की नुसतं विचारणार ते मी सांगतो. तुमच्या त्या वाक्यात राग नव्हता. तुमचं विचारून झालं होतं, एवढंच ऐकू आलं. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. चाचा अजून बाजारात दिसतात, सलाम करतात, आणि बियाणं समोरच्या दुकानातून नेतात.

अकोल्याच्या त्या घरात आता दुसरे लोक राहतात, त्यामुळं हे पाठवायचा प्रश्न नाही. म्हणून लिहून टाकतो. मूठभर दाणे कानाशी हलवले की मला कळतं, फाजील वाळून उगवण गेलेलं सोयाबीन खुळखुळ्यासारखं वाजतं. तो माल दुकानात उतरला, त्याच दिवशी मी मूठ हलवून पाहिली होती. त्या वर्षी घरच्या चार एकरांसाठी बियाणं मी अचलपूरहून दुसऱ्याच्या दुकानातून आणलं. ते सगळं उगवलं.